‘पूर्ववत’ हा शब्द अंदाजपत्रकातून काढा

घाटरस्त्यांची अंदाजपत्रकं करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व अभियंत्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शाळेतून घरी येताना आमच्या घाटातल्या त्या वळणावर नवा फलक उभा दिसला. ‘पूरहानी दुरुस्ती कार्यक्रमांतर्गत क्षतिग्रस्त संरक्षक भिंत व रस्ता पूर्ववत करणे.’ खाली किलोमीटर, रक्कम, मुदत. याच जागी, याच मजकुराचा हा तिसरा फलक. पहिल्या दोन फलकांच्या वेळी बांधलेल्या भिंती आज खालच्या ओढ्यात पडलेल्या आहेत. तिसरी बांधायला घेण्याआधी कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणून लिहिते आहे.

घाटाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की हे एका उपविभागाचं, एका ठेकेदाराचं भांडण होतं आणि एक खुलासा पाठवून ते मिटतं. आंबेनळी, वरंध, परशुराम, कुंभार्ली, माळशेज, आंबोली, यांतला कुठलाही घाट रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला हे पत्र आपलंच वाटेल. म्हणून ते तुम्हा सगळ्यांना आहे : जागेवर टेप धरणाऱ्या शाखा अभियंत्यापासून मंत्रालयात मान्यतेची टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत.

मी घाटाच्या मध्यावरच्या एका वाडीत प्राथमिक शिक्षिका आहे. अभियंता नाही. पण माझे वडील, आबा, या रस्त्यावर चौतीस वर्षं मैलकुली होते. पहार, फावडं, घमेलं आणि पावसात डोक्यावर इरलं, एवढ्या सामानावर त्यांनी त्यांच्या वाट्याचे किलोमीटर सांभाळले. मृगाच्या आधी डोंगराकडचं गटार उपसायचं, प्रत्येक मोरीचं तोंड मोकळं करायचं, मोरीत स्वतः वाकून पलीकडचा उजेड दिसतो का बघायचं. उजेड दिसला नाही तर आत शिरून दगड ओढायचे. आषाढात रात्री पावसाचा आवाज बदलला की आबा उठून बसायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील पावसाचा आवाज ऐकून उठत असतील.

आबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आलं नाही. शेजारच्या किलोमीटरवरच्या काकांच्या जागीही नाही.

आता २२ जुलै २०२१ ची रात्र. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. चिपळूण आणि महाड पाण्यात होतं. आंबेनळी घाट जागोजागी तुटला. आमच्या घाटात ते वळण गेलं. सकाळी पाहिलं तर चाळीस फूट लांबीचा रस्ता नव्हता. डांबराची एक पातळ कड हवेत लोंबत होती आणि तिच्याखालून पाण्याचा जाड लोट बाहेर पडत होता, जणू तिथे कायमच नदी होती.

माझ्या चुलतभावाच्या बायकोला त्याच दिवशी कळा सुरू झाल्या. आठ माणसांनी डोली करून तिला चिखलातून, जंगलातल्या जुन्या पायवाटेनं खाली नेलं. अकरा किलोमीटर. दोघीही वाचल्या. ती मुलगी आमच्या वाडीतच वाढते आहे. तिच्याकडे पाहिलं की मला ते वळण आठवतं, आणि वळणावरून जाताना ती आठवते. माझा या विषयाशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन.

त्यानंतर जे झालं ते सांगते. दिवाळीच्या सुमारास खड्ड्यात मुरूम आणि घसरलेली मातीच परत भरून एकेरी वाट झाली. पुढच्या मे महिन्यात काँक्रीटची भिंत उभी राहिली. तिच्या पहिल्याच श्रावणात रस्त्यावर दरीच्या बाजूला लांब अर्धगोल चीर पडली. चिरेत डांबर ओतलं. त्यापुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि एका रात्री ती गेली. मग दुसरा फलक, दुसरी भिंत, थोडी जाड. ती दोन पावसाळे टिकली. आता तिसरी.

तुमच्या कागदावर याला ‘पूर्ववत करणे’ म्हणतात. माझी सगळ्यात मोठी हरकत या शब्दाला आहे. पूर्ववत म्हणजे आधी होतं तसं. आधी होतं तेच तर पडलं! त्याच जागी, तेवढ्याच खोलीच्या पायावर, तेवढ्याच मोरीशेजारी, त्याच मातीचा भराव घालून तसंच काम पुन्हा करायचं असेल, तर आपण दुरुस्ती करत नाही, पुढच्या पडझडीची तारीख ठरवतो. २०१५ साली जपानमधल्या सेंदाई इथे ठरलेला आपत्तीविषयक आराखडा भारतानं मान्य केला आहे, आणि त्यात पुनर्बांधणी आधीपेक्षा भक्कम करण्याचं तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. दिल्लीत मान्य केलेलं तत्त्व आमच्या वळणावरच्या अंदाजपत्रकात का उतरत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता तक्रारी. काही लांब आहेत, काही एका वाक्याच्या.

पहिली, भिंतीमागच्या पाण्याची. माझा भाचा स्थापत्य पदविकेला आहे. त्याच्याकडून मी हे गणित समजून घेतलं आणि पाचवीच्या मुलांनाही समजेल असं आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला एक टन असतो. खोली वाढेल तसा दाब वाढतो. सहा मीटर उंच भिंतीमागे पाणी वरपर्यंत साचलं तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे १८ टन होतो. तीच भिंत, मागे चांगला निचरा होणारा भराव आणि पाणी नाही, तर मातीचा रेटा साधारण दहा-अकरा टन. पाणी साचलं की मातीचा आणि पाण्याचा मिळून तो तेवीस-चोवीस टनांच्या घरात जातो. म्हणजे दुपटीहून जास्त. भिंत जाड करून हा प्रश्न सुटत नाही. पाणी बाहेर काढूनच सुटतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा हजारपट चांगलं माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

कारण भिंतीत पाणी बाहेर पडायची भोकं ठेवलेली होती. बाहेरून रांगेत सुरेख दिसायची. मी दुसऱ्या भिंतीच्या त्या नळ्यांमध्ये काठी घालून पाहिली. बहुतेक ठिकाणी काठी वीतभर जाऊन सिमेंटला अडली. जिथे आत गेली तिथे चिकट माती लागली. मागे दगडगोट्यांचा गाळणीचा थर नव्हता, माती अडवून पाणी सोडणारं कापडही नव्हतं. ऐन पावसात बाकी सगळ्या कड्यांवरून पाणी धो धो पडत असताना ती भोकं कोरडी होती. कोरडं भोक बघून मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण लिहिलं जातं, आणि आबा मात्र कोरडं भोक बघून घरी येऊन म्हणाले, ‘आत पाणी कोंडलंय. ही राहायची नाही.’

दुसरी, पायाची. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. मध्ये कठीण काळा कातळ, मध्येच सच्छिद्र ठिसूळ खडक, आणि कुठे कुठे दोन थरांच्या सांध्यात तांबड्या मातीचा मऊ पट्टा. घाटातून जाताना कापलेल्या कड्यात ही लाल रेघ कुणालाही दिसते. वरून मुरलेलं पाणी खालच्या कठीण थरावर अडतं आणि या सांध्यातून आडवं बाहेर पडतं. आमच्या वळणावर रस्त्याच्या खाली नेमकी ती लाल रेघ आहे. दोन्ही भिंतींचा पाया तिच्या वर, जुन्या घसरलेल्या राड्यात घेतला होता. खाली कातळ किती खोलीवर आहे हे पाहायला एकही भोक मारलं गेलं नाही. डोळ्यांनी दिसणारी कातळाची पायरी पुढे तीन-चार मीटर खाली आहे. तिथपर्यंत जाऊन, कातळात सळया रोवून पाया घेतला असता तर खर्च वाढला असता हे खरं. पण दोन पडलेल्या भिंतींचा खर्च कुणाच्या खात्यात मांडायचा?

तिसरी, भरावाची. भिंतीमागचा भराव वीत-दीड वीत जाडीच्या थरांनी, ओलावा सांभाळून, दाबत दाबत वर आणायचा असतो. आम्ही पाहिलं ते असं : मे महिन्याची अखेर, आकाश भरून आलेलं, डंपर येऊन मागून उलटा होतो, पोकलेन वरून थापट्या मारतो, तीन दिवसांत भराव रस्त्याच्या पातळीला. त्यावर खडी, त्यावर काँक्रीट. काँक्रीटबद्दल एक सांगायचं आहे. डांबरी रस्ता खालून पोकळ व्हायला लागला की दबतो, चिरतो, इशारा देतो. काँक्रीटची पाटी खाली माती उरली नसतानाही काही काळ तशीच तरंगत राहते. एसटीचा चालक तिच्यावर विश्वास ठेवतो. ताज्या भरावावर, भराव बसण्याआधी काँक्रीट घालू नये, एवढी साधी गोष्ट पाळली गेली पाहिजे.

चौथी, मोरीची. वळणाच्या वरच्या अंगाला एक ओहोळ आहे. त्याचं पाणलोट साधारण दहा हेक्टर भरतं, तेही भाच्यानं नकाशावर मोजलं. जमीन आधीच पाणी पिऊन तृप्त झालेली असेल आणि तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर या दहा हेक्टरांवरून सेकंदाला जवळपास पावणेतीन हजार लिटर पाणी खाली येतं. वळणावरची मोरी ९०० मिलिमीटर व्यासाच्या नळीची. ती तुडुंब भरून सेकंदाला तीन मीटर वेगानं वाहिली तरी तिच्यातून एकोणीसशे लिटर जाईल. उरलेलं कुठे जाणार? रस्त्यावर येणार, दरीच्या कडेनं उतरणार आणि भिंतीच्या मागे मुरणार. आणि हे सगळं नळी स्वच्छ असेल तर. ती अर्धी दगडांनी भरलेली असते. नळी १२०० मिलिमीटरची केली असती तर तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन पट झालं असतं आणि माणूस आत शिरून साफही करू शकला असता. दोन्ही अंदाजपत्रकांत भिंत होती, रस्ता होता, कठडा होता, पांढरे पट्टे होते. मोरी नव्हती. जे पाणी भिंत पाडतं त्याच्या वाटेवर एक रुपया खर्च झाला नाही.

पाचवी, राड्याची. दरड रस्त्यावर आली की जेसीबी येतो आणि सगळा ढिगारा दरीत ढकलतो. रस्ता तासाभरात मोकळा होतो, त्याचं कौतुक आहे. भर पावसात, वर लटकत्या कड्याखाली बसून यंत्र चालवणाऱ्या त्या पोरांना मी हात जोडते. पण तो ढिगारा दरीकडच्या कडेवर बसतो, तिच्यावर वजन टाकतो, मोरीचं खालचं तोंड बुजवतो आणि पुढच्या पावसात आमच्या शेतात येतो. खालच्या वाडीतल्या तीन घरांची भातखाचरं रस्त्याच्या दगडांनी भरली आहेत. त्यांना रस्ताही मिळाला नाही आणि भातही.

सहावी, तारखांची. सप्टेंबरात पाहणी, मार्चअखेरीच्या घाईत निविदा, मेमध्ये काम, जूनमध्ये पाऊस. हा क्रम बदलल्याशिवाय बाकी काही बदलणार नाही.

सातवी, डोंगराच्या बाजूची. रस्ता रुंद करताना कडा सरळसोट कापला, पायथा काढून घेतला, वर पायऱ्या पाडल्या नाहीत, माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारा चर काढला नाही. तरी विचारतात, दरड का आली.

या गोष्टी कशा कराव्यात याची पुस्तकं आपल्याकडे आहेत. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या रस्तेविकास समितीच्या शिफारशीतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिची डोंगरी रस्त्यांची मार्गदर्शिका, एसपी ४८, १९९८ पासून आहे. दरडींवरच्या उपायांची एसपी १०६ ही स्वतंत्र मार्गदर्शिका २०१५ ची आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. ते वळणापर्यंत पोचत नाही, ही तक्रार आहे.

आणि ते पोचू शकतं याची उदाहरणं याच राज्यात आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहनं त्यातल्या माणसांसह गेली. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पूर्ववत नाही, नवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळून माणसं दगावली, तेव्हा सैल खडक उतरवून कड्यावर पोलादी जाळ्या बसवल्या. तो मार्ग महत्त्वाचा आहे हे मान्य. पण आमच्या घाटातून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडणारा दगड हलका नसतो.

सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते कोकण रेल्वेचं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली, गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर त्या मार्गावर जे झालं त्याला मी दुरुस्ती म्हणते. कटिंगचे उतार कमी केले, कड्यांवर जाळ्या आणि खिळे मारले, उतारांवर झाडोरा वाढवला. ठिकठिकाणी आपोआप नोंद घेणारे पर्जन्यमापक बसवले. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक चालतं, मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेना झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणली जाते. आणि शेकडो माणसं पावसाळाभर रुळांवरून पायी गस्त घालतात. कंदिलाच्या जागी आता हाती वॉकीटॉकी आहे, पण काम तेच, पायानं चालून डोंगर बघणं. जे काम आबा करायचे.

रेल्वेला कळलं की यंत्र लावलं तरी चालणारा माणूस लागतो. रस्त्यावरून मात्र तो माणूसच काढून घेतला गेला. एका मोरीचं तोंड साफ करायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. ते न केल्यामुळे गेलेल्या भिंतीला किती लागतं, तो आकडा तुमच्या फलकावरच लिहिलेला आहे.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. पूरहानीचा निधी तातडीच्या कामासाठी येतो, कायमस्वरूपी कामाचा निधी वेगळ्या शीर्षाचा, त्याची वाट बघावी लागते. जमीन वनखात्याची, एक चर काढायचा तरी परवानगी. एका शाखा अभियंत्याकडे दोन घाट आणि शंभर गावं. रस्ता बंद राहिला की फोन करणारे पुढारी वेगळे आणि आम्हीही वेगळे. आम्हीसुद्धा ‘काहीही करा पण चालू करा’ म्हणून तुमच्या गाडीपुढे उभे राहिलो आहोत. तातडीची वाट तातडीनं करावीच. माझं म्हणणं एवढंच की त्या तात्पुरत्या वाटेवरच काँक्रीट ओतून तिला कायमचं काम म्हणू नका.

मागण्या सरळ लिहिते.

‘पूर्ववत करणे’ हा शब्द पूरहानीच्या अंदाजपत्रकातून काढा. त्याऐवजी पहिल्या पानावर कारण लिहा : हा भाग का गेला, पाणी कुठून आलं, कातळ किती खोलीवर आहे, आणि आता काय वेगळं करणार. हे एक पान नसेल तर मान्यता देऊ नका. एकाच जागी दुसऱ्यांदा पडझड झाली असेल तर भूवैज्ञानिकाची पाहणी आणि निदान दोन भोकं मारून तपासणी सक्तीची करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तालुका ओळखायला ते उत्तम आहेत, पण आमचं अख्खं वळण त्यात पेन्सिलीच्या टोकाखाली जातं. प्रत्येक घाटाचा मोठ्या प्रमाणातला नकाशा हवा, त्यावर प्रत्येक मोरी, प्रत्येक झरा आणि प्रत्येक जुनी घसरण दाखवलेली हवी.

अंदाजपत्रकातली पहिली बाब पाण्याची असू द्या. माथ्यावरचा चर, डोंगराकडचं पक्कं गटार, २०२१ च्या पावसाचा हिशेब धरून ठरवलेली मोरी, मोरीच्या खालच्या तोंडापासून ओढ्यापर्यंत दगडी उतरण, म्हणजे पाणी भिंतीचा पायथा पोखरणार नाही. मग भिंत. जिथे खाली कातळ जवळ नाही तिथे जाळीत दगड भरलेली भिंत चांगली, कारण ती पाणी सोडते आणि थोडी हलली तरी तग धरते. पण दगड हातानं रचा, जेसीबीनं ओतू नका, आणि मागे कापड घाला. उथळ घसरणीच्या उतारावर वाळा आणि बांबू लावा. आमच्या बायका ते काम मजुरीवर आनंदानं करतील आणि जगवतील. खोल घसरण वाळ्यानं थांबत नाही, हेही आम्हाला माहीत आहे. तिथे तुमचीच विद्या लागेल.

झाकल्या जाणाऱ्या कामाचे फोटो झाकण्याआधी काढा आणि लोकांना पाहू द्या. पाया कातळाला लागला तो दिवस, भिंतीमागे गाळणीचा थर घातला तो दिवस, भरावाच्या प्रत्येक थराची दाबाई तपासली तो दिवस. फलकावर रकमेसोबत पायाची खोली, मोरीचा व्यास आणि दोषदायित्वाचा, म्हणजे पडझड ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करण्याचा, कालावधी कधी संपतो ती तारीख लिहा. ती तारीख संपण्याआधी भिंत गेली तर दुरुस्ती नव्या निधीतून होऊ नये.

कायमस्वरूपी कामांच्या निविदा दिवाळीपूर्वी निघाव्यात आणि मातीकाम एप्रिलअखेर संपावं. नाही संपलं तर अर्धवट भराव ताडपत्रीनं झाकून, पाण्याला वाट करून ठेवावा. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात भराव टाकून जूनमध्ये उद्घाटन करू नये.

राडारोड्यासाठी प्रत्येक घाटात आधीच जागा ठरवा. आमची ग्रामपंचायत एक पडीक तुकडा द्यायला तयार आहे, तसा ठराव आम्ही करून देऊ.

घाटाच्या माथ्याला आणि पायथ्याला पर्जन्यमापक बसवा. किती तासांत किती पाऊस झाला की घाट बंद, हे आधी ठरवून एसटी आगाराला, शाळांना आणि वाड्यांना सांगून ठेवा. दरड पडल्यावर लावलेला ‘घाट बंद’चा बोर्ड कुणाला वाचवत नाही. आणि बंद काळात आजारी माणूस, गरोदर बाई खाली कशी नेणार, याची व्यवस्था त्याच आदेशात लिहा.

मैलकुली परत आणा. नाव काहीही द्या, कंत्राटी नेमा, गावातलीच पोरं घ्या. पण जून ते ऑक्टोबर प्रत्येक पाच किलोमीटरला दोन माणसं, फावडं, शिट्टी, फोन आणि विमा. एवढं या वर्षीपासून करता येईल.

शेवटची मागणी आमच्या वळणापुरती आहे. तिसऱ्या भिंतीचा पाया खोदण्याआधी तुमच्यापैकी जे कुणी या कामावर आहेत त्यांनी एक सकाळ आमच्याकडे यावं. आबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या वाट्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात कुठे कुठे झरा फुटतो अशा एकोणीस जागा त्यांना पाठ आहेत. कुठला ज्येष्ठात फुटतो, कुठला भाद्रपदापर्यंत टिकतो, कुठल्याचं पाणी गढूळ झालं की वरचा डोंगर हलतोय असं समजायचं, सगळं. त्या माझ्या शाळेच्या वहीत मी उतरवून घेतल्या आहेत, जागेच्या खुणांसकट. त्यातल्या तीन त्या वळणाच्या भिंतीमागे आहेत. वहीची प्रत मी देईन, पण जागा त्यांनीच दाखवलेली बरी, कारण तिथली जुनी झाडं आता नाहीत आणि खुणा त्यांनाच कळतात.

पाऊस लागायच्या आत यावं. येण्याआधी एक दिवस निरोप द्या. आबांना गुडघ्यांमुळे चालत जमत नाही, वळणापर्यंत न्यायला गाडी सांगून ठेवावी लागेल.

आपली,
घाटातल्या वाडीवरची एक शिक्षिका